मूळ फीत आणि तिची प्रत

विद्या दिल्याने वाढते व धन दिल्याने घटते, हा भेद आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु जगात काही वस्तू अशा आहेत की, त्यांस या दोहोंपैकी कोणत्या वर्गात घालावे याचा निर्णय सहजासहजी होत नाही. आपल्या घरोघरच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी ही अशीच एक वस्तू होय. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या देशात 1982 साली रंगीत दूरदर्शन आले, आणि पुढील दहापंधरा वर्षांत लग्न, मुंज, देवाचा उत्सव, कीर्तन या प्रसंगांचे चित्रण करून ठेवण्याची चाल आळंदसारख्या गावांतही रूढ झाली. त्या काळी ती हौस वाटली. आज तिचे मोल निराळे आहे. भावाभावांत वाटणी होते, शेत वाटले जाते, भांडी वाटली जातात. परंतु आईचा चालता-बोलता चेहरा ज्या फितीत आहे ती फीत एकच असते. ती थोरल्याच्या घरी राहते. धाकट्याचा मुलगा येऊन म्हणतो, "काका, आम्हांला तिची एक प्रत करून घेऊ द्या." काका संकोचतात, कारण फीत नाजूक आहे. येथे धर्म कोणता? देणे, की जपणे?

उत्तरापूर्वी प्रत कशी होते ते पाहिले पाहिजे. दोन यंत्रे तारेने जोडावयाची. एकात मूळ फीत चालते, दुसऱ्यात कोरी. अर्धा इंच रुंदीच्या फितीवर चित्र चुंबकीय रूपाने तिरप्या रेघांत लिहिलेले असते, आणि आपल्या देशातील पद्धतीच्या यंत्रात ते वाचणारा दंडगोल सेकंदाला 25 फेरे घेतो. वाचलेले चित्र विजेच्या प्रवाहाच्या रूपाने दुसऱ्या यंत्रात जाते व तेथे पुन्हा लिहिले जाते. या प्रवासात पहिल्या यंत्राची खरखर चित्राबरोबर उतरते आणि दुसरे यंत्र स्वतःची खरखर तीत मिसळते. प्रतीची प्रत केली की रंग फिसकटतात, कडा विरघळतात. चौथ्या-पाचव्या प्रतीत माणूस ओळखू येतो, पण त्याच्या डोळ्यांतील भाव ओळखू येत नाही. शिवाय प्रत्येक वेळी चालविताना मूळ फीतही थोडी झिजते. म्हणजे येथे देणाऱ्याचे घटते, आणि घेणाऱ्यास पूर्ण मिळतही नाही.

आमच्यासारख्या पूजाअर्चा चालणाऱ्या घरांत जन्मलेल्यांस पोथ्यांच्या नकलांची आठवण येथे सहज होते. आपल्याच तालुक्यातील कडगंची हे गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तो ग्रंथ छापखाना येण्यापूर्वी शतकानुशतके हातानेच उतरवला गेला. लेखकाच्या हातूनही चुका होत. पण त्याच्यापाशी विवेक होता. ज्ञानेश्वरी शके 1212 मधील. तिच्या प्रतींत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ती शोधून शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ खर्चून महाभारताच्या असंख्य हस्तलिखितांतून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अक्षर पुसले तरी अर्थावरून ते सावरता येते. यंत्रास हा आधार नाही. ते आईचा आवाज आणि फितीची खरखर दोन्ही सारख्याच निष्ठेने उतरवते. मात्र लेखकाचा एक दोष यंत्रात नाही: ते पदरची ओवी घालत नाही. तेव्हा यंत्राजवळ जो विवेक नाही तो ते चालविणाऱ्याने आणला पाहिजे.

कोणी म्हणेल, मग मूळ फीत कुणास देऊच नये. कुलूप लावून ठेवावी. हे दिसते सोपे, पण खरे नाही. बंद कपाटातही दमट हवेने फितीस बुरशी लागते, आणि चुंबकीय थर धरून ठेवणारा लेप काळाने सुटू लागतो. यंत्रेही संपत आली आहेत. व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 साली उत्पादन थांबविले. 2019 साली युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरच्या संग्रहांस असा इशारा देण्यात आला की, 2025 च्या सुमारानंतर अशा फिती वाचणेच दुर्घट होईल. ती मुदतही आता मागे पडली. अर्थात न दिल्याने फीत वाचत नाही. फक्त ती कुणाच्याही उपयोगी न पडता मरते. कृपणाच्या धनाची गती याहून निराळी ती काय?

शिवाय उणी प्रत तुच्छ मानू नये. इंग्लंडच्या बीबीसीने 1960 व 1970 च्या दशकांत पुष्कळ फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेतील काही भाग त्यामुळे केवळ कृष्णधवल रूपात उरले. पुढे अमेरिकेतील एका प्रेक्षकाने घरच्या यंत्रावर उतरवून ठेवलेल्या फितींतून रंग घेऊन ते कृष्णधवल चित्रांवर चढविण्यात आले. चित्र मोठ्या संस्थेने राखले, रंग एका घराने राखले. त्या घरची फीत मुळाच्या मानाने हलकीच होती. तरी तीच कामास आली.

तेव्हा आमच्या मते निर्णय असा. फीत हे धन आहे, पण तिच्यातील जे आहे ती विद्या आहे. म्हणून ज्याच्या घरी ती आहे तो तिचा मालक नसून विश्वस्त आहे. त्याने मागणाऱ्यास नकार देऊ नये, आणि मूळ वस्तू दहा हातांतही फिरवू नये. स्वच्छ केलेल्या चांगल्या यंत्रावर, मुळावरूनच, काळजीपूर्वक एक प्रत करावी, आणि शक्य असेल तर ती संगणकात उतरवावी; कारण अंकांत साठविलेले चित्र जसेच्या तसे उतरवले तर प्रतीगणिक घटत नाही. मात्र मोबाईलवरून पाठविताना तेही आकसून जाते, हे विसरू नये. मग मुळास विश्रांती द्यावी व त्या प्रतीवरून सर्वांस द्यावे. तिच्यावर कशावरून व केव्हा उतरविली ते लिहावे. प्रतीस मूळ म्हणणे हे असत्यच होय.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या प्रती काढून विकणे हा या विश्वस्तधर्मात बसणारा व्यवहार नव्हे; तेथे दुसऱ्याच्या श्रमाचे मोल चोरले जाते, आणि 1957 चा कायदाही त्यास मनाई करतो. तसेच, घरातील कुणाचे दुःख वा खासगी प्रसंग फितीत असेल, तर त्याच्या संमतीवाचून ते चारचौघांत जाऊ नये.

वडिलांनी ठेवलेला वाडा भाऊ वाटून घेतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास कमीच येते. आईच्या आवाजाचे तसे नाही. नीट केलेली प्रत धाकट्याच्या घरी गेली म्हणून थोरल्याच्या घरातील आई उणी होत नाही. उलट एका घरी पाणी शिरले, तर ती दुसऱ्या घरी असते. काकांनी संकोच सोडावा, आणि यंत्र चालते आहे तोवर सोडावा.