दर लाखामागे

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालात दोन आकडे आहेत. २०१२ ते २०१६ या काळात मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे कर्करुग्ण आढळले. उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत मिळून हाच दर ३९.५ होता. पहिला आकडा अहवालातला सर्वांत मोठा, दुसरा सर्वांत लहान. दोन्ही ठिकाणच्या लोकसंख्येतला वयाचा फरक गणिताने काढून टाकल्यावरही जवळजवळ सात पटींची तफावत उरते. या दोन टोकांच्या मधून कुठेतरी ‘भारताचा दर’ नावाची रेघ जाते. वर्तमानपत्रांत छापून येते ती बहुधा हीच रेघ. तिच्यावर एकही गाव वसलेले नाही.

उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या यादीत तळाशी आहे हे वाचून बरे वाटावे की काळजी वाटावी? आजार तिथे खरोखरच कमी असेल. किंवा आजार आहे, पण तो कुणाच्या नजरेला पडत नसेल. आकडा एकच, आणि त्याचे हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध. कोणता खरा ते आकड्याकडे टक लावून कळत नाही. तो आकडा कुणी गोळा केला, कुठवर चालत जाऊन केला, हे विचारावे लागते.

या प्रश्नाला मराठवाड्याच्या वेशीवर, बार्शीकडे, एक चांगले उत्तर मिळते, पण त्याची सुरुवात मुंबईपासून करावी लागते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. मोठी रुग्णालये, प्रयोगशाळा, महापालिकेची मृत्युनोंद अशा ठिकाणी माणसे पाठवायची आणि शहरातला प्रत्येक रुग्ण पत्त्यासकट टिपायचा, अशी तिची रीत. खेड्यात ही रीत चालणार नव्हती, कारण रुग्णालयापर्यंत न पोहोचलेला रुग्ण रुग्णालयाच्या वहीत सापडणार कसा? म्हणून १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांसाठी वेगळी पद्धत उभी राहिली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांचा तिच्यात मोठा वाटा होता. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत. सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलत, कॅन्सरची लक्षणे समजावून सांगत, अंगावरून अवेळी जाणाऱ्या बाईला किंवा तोंडातला व्रण न भरणाऱ्या माणसाला बार्शीच्या रुग्णालयात तपासणीला यायला राजी करत. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

इतके शोधूनही बार्शीचा दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास राहिला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो कष्टाने मिळवलेला आहे. दारोदार जाऊन विचारल्यावर ‘कमी आहे’ म्हणणे वेगळे आणि कुणी विचारलेच नाही म्हणून कमी दिसणे वेगळे. शोधण्याच्या या रीतीने आणखी एक गोष्ट घडवली. काही वर्षांतच त्या गावांतल्या बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मोजायला गेलेल्या माणसांमुळे मोजली जाणारी गोष्टच थोडी बदलली.

पण इथवर बोललो ते आजाराबद्दल. मृत्यूची मोजणी याहून अवघड आहे.

खेड्यात माणूस घरी जातो. मुंबईत उपचार करून थकलेले, पैसे संपलेले, डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलेले कितीतरी रुग्ण शेवटचे दिवस आपल्या घरात, आपल्या माणसांत काढतात. त्यांची मृत्युनोंद ग्रामसेवकाकडे होते आणि कारणाच्या रकान्यात ‘वार्धक्य’, ‘दीर्घ आजार’, ‘हृदयक्रिया बंद’ असे काहीतरी पडते. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० साली शंभरात साधारण बावीस होते. गोव्यात मात्र जवळपास प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला वैद्यकीय कारण जोडलेले असते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन राज्यांचे मृत्युदर समोरासमोर ठेवताना आपण पुष्कळदा आजारांची तुलना करत नसतो, दाखल्यांची करत असतो.

ही अडचण जुनी आहे. लंडनच्या १६३२ सालच्या मृत्युपत्रकात कर्करोगाच्या रकान्यात दहा मृत्यू आहेत आणि दुःखाने मेलेले अकरा. प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम तिथे पॅरिशने नेमलेल्या वृद्ध स्त्रिया करत. त्याच पत्रकांवरून जॉन ग्रॉन्टने १६६२ मध्ये माणसांच्या मरणाचे पहिले शिस्तशीर गणित मांडले. कच्च्या नोंदींतूनही काही सत्य हाती लागू शकते, नोंदीचा कच्चेपणा मात्र सतत ध्यानात ठेवावा लागतो. ग्रॉन्टने तो ठेवला होता.

भारतात या अडचणीवर जी वाट काढली गेली ती मला माणुसकीची वाटते. जनगणना खात्याच्या नमुना नोंदणीतल्या दहा लाखांहून अधिक घरांमध्ये २००१ ते २००३ दरम्यान झालेल्या मृत्यूंबद्दल प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरच्यांना विचारले. शेवटच्या आजारात काय काय झाले, गाठ होती का, वजन किती उतरले, घास गिळता येत होता का. त्या जबानीवरून दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मृत्यूचे कारण ठरवले. डॉ. राजेश दीक्षित, डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये याचे निष्कर्ष मांडले. २०१० साली देशात कॅन्सरचे अंदाजे ५,५६,४०० मृत्यू, त्यांतले ७१ टक्के तीस ते एकोणसत्तर या वयातले. ज्या वयात माणूस घर चालवतो, नेमक्या त्या वयातले.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष मला कधीपासून अस्वस्थ करतो. या वयोगटातल्या पुरुषांत शहरी भागात दर लाखामागे १०२.४ मृत्यू होते आणि ग्रामीण भागात ९५.६. म्हणजे जवळजवळ सारखेच. नोंदणी सांगते की कॅन्सर शहरात खेड्याच्या दुपटीने होतो, आणि मेलेल्यांच्या घरच्यांची जबानी सांगते की कॅन्सरने मरणे दोन्हीकडे सारखे आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काय आहे? काही भाग पद्धतींच्या फरकाचा आहेच. बार्शी म्हणजे अवघा ग्रामीण भारत नव्हे, आणि जबानीवरून ठरवलेले कारण चुकूही शकते. पण हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते उशीर, अंतर आणि पैसा यांचे आहे, असे मानायला भक्कम आधार आहे. कारण त्याच अभ्यासात निरक्षर पुरुषांतला दर १०६.६ तर सर्वाधिक शिकलेल्यांतला ४५.७ होता. स्त्रियांत १०६.७ आणि ४३.४. शहर आणि खेडे यांच्यात जो फरक दिसला नाही, तो शिक्षणाच्या पायऱ्यांवर लख्ख दिसला. प्रदेशाप्रदेशांची तुलना करताना आपण नकाशावरच्या सीमा धरून बसतो. मरणाने त्याहून खोल असलेल्या सीमा पाळल्या आहेत.

तरीही नकाशा सोडून देता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७५ मध्ये देशातल्या सर्व काउंटींचा १९५० ते १९६९ या वीस वर्षांतला कर्करोग-मृत्यूंचा नकाशासंग्रह काढला. तोवर राष्ट्रीय आकडे सर्वांना ठाऊक होते आणि त्यांत चकित करणारे काही नव्हते. जिल्हावार रंग भरल्यावर मात्र आग्नेयेकडच्या ग्रामीण भागात स्त्रियांच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ठळकपणे पुढे आले. डेबोरा विन यांनी नॉर्थ कॅरोलायनात जाऊन शोध घेतला आणि १९८१ मध्ये दाखवून दिले की तिथल्या बायका हिरडी आणि गाल यांच्यामध्ये तंबाखूची पूड धरून ठेवत, त्याचा हा परिणाम होता. जॉर्जियाच्या किनारपट्टीवर फुप्फुसाच्या कॅन्सरचा असाच गडद पट्टा दिसला. त्याचा माग दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या गोद्यांपर्यंत आणि तिथल्या अ‍ॅस्बेस्टॉसपर्यंत गेला. युद्ध संपून दशके उलटली होती, गोद्या शांत झाल्या होत्या, आणि मृत्यू त्यानंतर मोजले जात होते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या बायकांबद्दल वाचताना मराठी वाचकाला मशेरी आठवणारच. तव्यावर भाजलेली तंबाखू, पहाटे दातांवर फिरवायची, आणि मग दिवसातून आणखी दोन-तीनदा, भूक मारायला, कामाचा शीण जायला. तिला व्यसन म्हणायला आपण कचरतो, कारण ती आजीच्या डबीत होती. मिझोरममध्ये तंबाखूचा धूर पाण्यात जिरवून केलेले तुईबुर तोंडात धरतात. मेघालयात ओल्या सुपारीचा विडा, ‘क्वाई’, पाहुण्याला देण्याची रीत आहे. त्याच २०१२च्या अभ्यासात ईशान्येतल्या तीस वर्षांच्या पुरुषाला सत्तरीच्या आत कॅन्सरने मरण्याची शक्यता ११.२ टक्के आढळली. बिहार, झारखंड, ओडिशात ती तीन टक्क्यांहून कमी. या सवयींचा जाब राष्ट्रीय सरासरीला विचारता येत नाही. जिल्ह्याच्या आकड्याला येतो.

दोन बाबतींत सावधगिरी मात्र हवी. पहिली वयाची. केरळात म्हातारी माणसे जास्त आहेत, बिहारात मुले जास्त आहेत. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार असल्याने कच्चे दर शेजारी ठेवले तर आपण आयुर्मानच मोजत बसू. म्हणून जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० च्या सुमारास मांडलेली एक काल्पनिक ‘जागतिक लोकसंख्या’ धरून सगळे दर एका वयमानावर आणतात. दुसरी सावधगिरी लहान संख्येची. थोड्या वस्तीच्या तालुक्यात एका वर्षी दोन मृत्यू जास्त झाले की दर आभाळाला भिडतो, दोन कमी झाले की तळाला जातो. म्हणूनच देशाच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली बहुधा विरळ वस्तीचे प्रदेश सापडतात. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणा गावाला भयभीत करणे हा अन्याय आहे.

काळाच्या ओघाकडे पाहिले तरी राष्ट्रीय आकड्याचा हाच स्वभाव दिसतो. १९९० ते २०१६ या काळात भारतात नव्या कर्करुग्णांचा कच्चा दर २८ टक्क्यांनी वाढला, वय समायोजित केल्यावर मात्र फारसा बदल दिसला नाही. पण ही सपाट रेघ स्थैर्याची नाही. तिच्या पोटात चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या रेघा आहेत. मुंबईत गर्भाशयमुखाचा कॅन्सर गेल्या काही दशकांत, सार्वत्रिक तपासणीचा कार्यक्रम नसतानाही, सातत्याने कमी होत आला. लग्नाचे वाढलेले वय, कमी बाळंतपणे, न्हाणीघरातले पाणी, शिक्षण यांचा तो एकत्रित परिणाम मानतात. त्याच शहरात स्तनाचा कॅन्सर वाढत गेला. एक रेघ स्त्रीच्या बदललेल्या आयुष्याने खाली आणली, दुसरी पुष्कळशी त्याच आयुष्याने वर नेली. दोन्हींची बेरीज करून ‘बदल नाही’ म्हणणे गणिताने बरोबर आहे. त्याने कुठल्याही बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

आता पुन्हा यादीच्या तळाकडे. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात दर इतका कमी, तिथेच १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून जगाला उपयोगी पडलेला एक अभ्यास केला. ५२ ग्रामसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली, काहींत पेशींची तपासणी, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटाला फक्त नेहमीची माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने विषाणूचाचणीच्या गटात ३४ स्त्रिया मेल्या होत्या, माहितीच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे केले. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. त्या ६४ जणींनीच या ज्ञानाची किंमत मोजली आहे.

त्या निष्कर्षांनंतर दहा वर्षांनी झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारले गेले, की तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती भारतीय स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झाली आहे. उत्तर आले, शंभरात दोन.