धुराशिवाय आग

आग आहे तिथे धूर असणारच, असे आपण बिनदिक्कत म्हणून टाकतो. भिलईत हे विधान रोज खोटे ठरते. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये भट्टीतून बाहेर येणारा लालभडक ब्लूम पाहावा. बाराशे अंशांच्या आसपास तापलेला तो ठोकळा दुरूनही चेहरा भाजून काढतो, पण त्यातून धुराची एक रेघ निघत नाही.

आपल्या नैयायिकांनी नेमके हेच उदाहरण हाताशी धरले होते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा पहिला पाठ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईहून निघाली आणि पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी ती अभ्यासली. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे, हे अनुमान या ग्रंथात बरोबर ठरते. उलट बाजूने, आग आहे म्हणून धूर असेलच, हे मात्र चूक ठरते. कारण तापलेला लोखंडाचा गोळा! त्यात आग आहे, धूर नाही. धूर निघायला आगीला ओल्या सरपणाची जोड लागते. ही जी न दिसणारी, न बोललेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

नोकरीतले आणि संसारातले आपले बरेचसे निर्णय चुकतात ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, उपाधी शोधायची राहून जाते म्हणून. ज्या नियमावर आपण विसंबतो तो कोणत्या अटीवर खरा आहे आणि ती अट आज, इथे, आपल्या बाबतीत शाबूत आहे का, हे विचारल्याशिवाय आपण पाऊल उचलतो.

भिलईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी चक्कर मारली की हे दिसते. दुकाने, खाण्याच्या गाड्या, नेहरू आर्ट गॅलरी आणि या सगळ्यावर कोचिंग क्लासचे फलक. फलकावर मुलांचे हसरे फोटो, प्रत्येकाखाली रँक. खाली उभा असलेला बाप मनात मांडणी करतो : ही मुले या क्लासला होती, ती आयआयटीत गेली, माझा मुलगा या क्लासला घातला की तोही जाईल. धूर आणि आग इथेच उलटेपालटे झाले. आयआयटीत गेलेल्यांपैकी कितीजण या क्लासचे, हे फलक सांगतो. या क्लासमधल्या कितीजणांना आयआयटी मिळाली, हे तो सांगत नाही आणि बापाला हवे असते ते हेच. २०२४ साली देशातल्या सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. जेईई मेन देणारी मुले दहा लाखांहून कितीतरी अधिक.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. फलकावरची शिते मात्र वेचून ठेवलेली असतात. अनेक क्लास आधी चाचणी घेतात आणि हुशार मुलांना फीमध्ये सूट देऊन आपल्याकडे ओढतात. मूल आधीच तल्लख असणे, ही इथली उपाधी. म्हणून बापाने काउंटरवर विचारायचा प्रश्न असा : दहावीला माझ्या मुलाइतकेच गुण असलेली किती मुले दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आली आणि आज ती कुठे आहेत? उत्तर मिळाले तर त्याचा उपयोग होईल. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये दुसरा मोठा निर्णय निवृत्तीच्या वेळी येतो. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती पडते. ओळखीचा कोणी सांगतो, ‘भाऊसाहेब, तीन वर्षं झाली, व्याज एका महिन्याने चुकलेलं नाही.’ तीन वर्षे व्याज वेळेवर आले हे खरेच असते. ते कशातून आले, हा प्रश्न आहे. धंद्याच्या नफ्यातून आले असेल तर पुढेही येईल. नव्या ठेवीदारांच्या पैशातून आले असेल तर नवे लोक येत राहतील तोवरच येईल, आणि तो ओघ आटला की व्याजही नाही, मुद्दलही नाही. बुडणाऱ्या योजनेतही पहिली तीन वर्षे अगदी अशीच दिसतात. जो पुरावा खऱ्या आणि खोट्या दोन्ही बाजूंना सारखाच जुळतो, त्याच्या भरवशावर आयुष्यभराची कमाई लावू नये.

चुकीच्या अनुमानाची किंमत दर वेळी ते करणाराच मोजतो असे नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आपण हसत म्हणतो. पण छत्तीसगडच्या गावांत मूल आजारी पडते, आदल्या दिवशी एखादी विधवा दारावरून गेलेली असते, आणि ती ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. ते थांबवण्यासाठी राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. ती दारावरून गेली त्या प्रत्येक वेळी कोणी आजारी पडले का आणि ती न जाताही मुले आजारी पडतात की नाही, एवढे दोन प्रश्न एका बाईचा जीव वाचवू शकतात.

कारखान्यात तर प्रश्न क्षणांचा असतो. घरातला गॅस गळला की वास येतो, म्हणून वास नाही तर गळती नाही, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. पण एलपीजीला तो वास मुळात नसतो; लोकांना गळती कळावी म्हणून इथाइल मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. ब्लास्ट फर्नेसच्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. स्वयंपाकघरातला नियम प्लांटच्या फाटकाशी संपतो. पंपहाउसच्या नळातून पाणीच येणार, हाही असाच एक नियम. तो पाण्याच्या दाबाच्या अटीवर उभा असतो. १२ जून २०१४ रोजी भिलईत पाण्याचा दाब घसरला, वायू पंपहाउसात शिरला आणि सहा माणसे गेली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. अनुभव आणि अधिकार कितीही मोठे असोत, मोडलेल्या अटीपुढे ते ढाल होत नाहीत. तिथे मोजणारे यंत्रच हवे.

याच कारखान्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः भिलईत बनतात. रूळ वरून गुळगुळीत, सरळ, निर्दोष दिसला तरी त्याच्या पोटात दोष असू शकतो. वितळलेल्या पोलादात विरघळलेला हायड्रोजन थंड होताना आत साठतो आणि केसासारख्या भेगा पाडतो. म्हणून रेल्वेने दहा लाख भागांत १.६ भागांची मर्यादा घातली, निर्वात पद्धतीने वायू काढून घेण्याची यंत्रणा आली आणि प्रत्येक रूळ अल्ट्रासॉनिक तपासणीतून जाऊ लागला. चांगला दिसतो म्हणून चांगला आहे, हे अनुमान कुठे फसेल, याचा शोध कोणीतरी आधीच घेतला आणि त्या शोधाला कायमच्या पद्धतीचे रूप दिले. आपण आगगाडीत निर्धास्त झोपतो त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे.

ही पद्धत घरातही आणता येते. न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवायचे अनुमान पाच पायऱ्यांत मांडतात : मी काय म्हणतो, कशावरून, असे आणखी कुठे दिसले, आपली गोष्ट तशीच आहे का, आणि म्हणून काय. नैयायिकांनी यांना प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी नावे दिली. आपण पहिल्या तीन पायऱ्या झरझर चढतो आणि चौथी गाळून पाचवीवर उडी मारतो. शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी सोडून धंदा फळला, हे उदाहरण झाले. पण त्याच्या वडिलांची पेन्शन चालू होती आणि घराचा हप्ता नव्हता. आपली गोष्ट तशी आहे का? पाच ओळी कागदावर लिहाव्यात आणि आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाला वाचायला द्याव्यात.

यावर कोणी म्हणेल, जगणे असे तोलूनमापून होत नसते. रोजच्या भाजीसाठी हे करायचे नाहीच. जो निर्णय मागे घेता येत नाही, त्याच्यासाठी हे आहे. आणि काय हवे आहे, हे तर्क ठरवत नाही. मुलाला चित्रकला आवडते की गणित, हे त्याच्या मनाचे काम. तर्क एवढेच सांगतो, की जे हवे आहे त्याकडे हा रस्ता खरोखर जातो का.

यात बुद्धीपेक्षा धीर जास्त लागतो. शिफ्टमधला सर्वांत नवा मुलगा ‘साहेब, दाब कमी दिसतोय, आत जायचं का?’ असे म्हणतो. आईवडिलांनी क्लास ठरवल्यावर मुलगी ‘बाबा, आधी त्यांना आकडे विचारा ना,’ असे म्हणते. अशा प्रश्नाला आपण उद्धटपणा समजतो आणि गप्प करतो. वास्तविक साहेबाने हातातले काम थांबवून दाब बघितला पाहिजे आणि बापाने काउंटरवर परत जाऊन आकडे मागितले पाहिजेत. ज्या घरात आणि ज्या खात्यात लहानाच्या शंकेवर मोठा माणूस थांबतो, तिथले निर्णय अधिक शहाणपणाचे होतात, आणि माणसेही सुखरूप राहतात.