पाहिले आणि संपले

अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला. बिया रुजल्या. लगोलग लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा दूरलाल प्रकाश टाकला, तर रुजणे थांबले. पुन्हा लाल, पुन्हा दूरलाल. शेवटचा प्रकाश कोणता, एवढ्यावरच सारे ठरे. एकच रंगद्रव्य दोन रूपांत उलटसुलट फिरत असणार, असा तर्क त्यांनी बांधला. पुढे त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले आणि वनस्पतीच्या पोटात दिव्याचे बटण आहे, ही कल्पना रुजली. इतकी देखणी कल्पना सोडवत नाही.

पण दाबलेले बटण नाहीसे होत नाही. फायटोक्रोम नाहीसे होत होते.

1959 मध्ये बेल्ट्सव्हिललाच अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत हे द्रव्य प्रथम थेट मोजले गेले. नवरात्रात घटाभोवती जसे पिवळट, लांबुडके कोंब येतात, त्याच जातीची ही रोपे. हिरव्या पानांत हरितद्रव्य मोजमापात आडवे येते, शिवाय फायटोक्रोमही तिथे फारच थोडे. म्हणून अंधारातले कोंब निवडले गेले. याच कोंबांना उजेड दाखवला की काही तासांत मोजण्याजोगे फारसे उरत नसे. अंधारातले रूप कितीतरी दिवस टिके, लाल प्रकाशाने जागे झालेले रूप मात्र एक-दोन तासांत निम्मे होई.

हे ठाऊक असूनही बराच काळ त्याकडे अडचण म्हणूनच पाहिले गेले, असे मला वाटते. त्याला कारणही होते. कोंब वाटून रस काढला की रसातलीच विकरे फायटोक्रोम कुरतडत. सुमारे 60 हजार डाल्टनचा तुकडा काही वर्षे पूर्ण प्रथिन म्हणून अभ्यासला गेला. 1982 मध्ये रिचर्ड व्हिएर्स्ट्रा आणि पीटर क्वेल यांनी ही कुरतड रोखली, तेव्हा ओटमधल्या अखंड प्रथिनाचे वजन 124 हजार भरले. परीक्षानळीतली नासाडी आणि जिवंत पेशीतला ऱ्हास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आता नीट वेगळे काढता आले.

मग 1987 मध्ये व्हिएर्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी ओटच्या कोंबांवर लाल प्रकाश टाकून पाहिले. थोड्याच वेळात फायटोक्रोमला युबिक्विटिन नावाची छोटी प्रथिने चिकटलेली आढळली. ज्याला युबिक्विटिनची साखळी लागते ते प्रथिन पेशीतल्या प्रोटीएझोम या यंत्रणेकडे जाते आणि तिथे त्याचे तुकडे होतात. (युबिक्विटिनची खूण करून प्रथिने मोडण्याच्या या पद्धतीच्या शोधासाठी चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चे नोबेल मिळाले.) म्हणजे फायटोक्रोम झिजत नव्हते. पेशी ऊर्जा खर्चून, खूण करून ते मोडत होती.

कशासाठी? 1989 मध्ये अरॅबिडॉप्सिस या तणात फायटोक्रोमची अनेक जनुके असल्याचे क्वेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. ती एकूण पाच निघाली. त्यांतल्या ‘ए’ जनुकाचे फायटोक्रोम उजेडात झपाट्याने कोसळते, ‘बी’ आणि बाकीची बरीच टिकतात. ‘ए’ मातीखालच्या कोंबासाठी आहे, प्रकाशाची पुसटशी चाहूलही ते टिपते. कोंब वर आल्यावर हीच तीक्ष्णता नडते. ओटच्या ‘ए’चे जनुक तंबाखूत घालून त्याचे प्रमाण बेसुमार वाढवले, तर झाडे खुजी आणि गडद हिरवी झाली. शेजाऱ्याची सावली पडली की उंच व्हायचे, हे साधे शहाणपणही त्यांच्यात बिघडले. माझ्या लेखी या साऱ्या कथेतला सर्वांत बोलका प्रयोग हाच: न मोडलेले ज्ञानेंद्रिय झाडाला आंधळे करते.

एवढ्यावर सोयीची विभागणी झाली असती. ‘ए’ जाणारे, ‘बी’ राहणारे. पण ‘बी’सुद्धा उजेडात हळूहळू घटते. अंधारातली वाढ चालू ठेवणारे पीआयएफ3 नावाचे प्रथिन पेशीकेंद्रात असते. उजेड पडला की जागे झालेले ‘बी’ त्याला जाऊन चिकटते, पीआयएफ3वर फॉस्फेट चढते, मग युबिक्विटिन, आणि ते मोडले जाते. हाच तर प्रकाशाचा संदेश. क्वेल यांच्याच गटाने 2014 मध्ये दाखवले, की या वेळी येणारी विकरे पीआयएफ3 बरोबर त्याला धरून बसलेल्या ‘बी’वरही तीच खूण करतात. संदेश पोचवणे आणि पोचवणाऱ्याला कमी करणे ही एकाच कामाची दोन टोके निघाली, आणि बटणाच्या उपमेत या दुसऱ्या टोकाला जागाच नव्हती.