शंकासमाधान : आज्जी झोपलीय

या खेपेच्या टपालात परदेशी शिक्षणाची सहा पत्रं निघाली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण इतकी वर्षं गमतीनं म्हणत आलो. आता सेलू-मानवतची पोरं खरोखरच एखाद्या सत्रापुरती तिकडं शिकायला जाऊ लागली आहेत. आपल्या कृषी विद्यापीठातून ‘नाहेप’ या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली मुलं रोबोट-ड्रोनची शेती शिकायला बाहेर जाऊन आली, तेव्हापासून गावात त्याची अपूर्वाईही उरलेली नाही. पत्रांतल्या शंका मात्र रोबोटच्या नाहीत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

शंका : मी सेलू तालुक्यातला, माळकरी घरातला. जर्मनीत विद्यापीठाच्या खानावळीत भाज्यांचं सूप म्हणून घेतलं. अर्धं संपल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, हे हाडांच्या पाण्यात शिजवतात. त्या रात्री माळ काढून कपाटात ठेवली. पण वडील व्हिडिओ कॉलवर आधी गळ्याकडं बघतात, म्हणून कॉलपुरती घालतो. माळ पुन्हा घालण्याचा मला अधिकार राहिला का?

समाधान : सूप पोटात गेलं ही चूक तुमची नाही. माळ कॉलपुरती घालता, ती तुमची आहे. शास्त्रात नकळत घडलेलं आणि जाणूनबुजून केलेलं यांत मोठा फरक धरला आहे. नकळत घडलं तर प्रायश्चित्तही साधारण निम्मं सांगतात. अंघोळ करा, नाम घ्या, येत्या एकादशीला निर्जळी झेपत असेल तर करा, नाहीतर फराळावर राहा आणि माळ घाला. झालं.

प्रायश्चित्त या शब्दाला आपण उगाच घाबरतो. पंगतीतून उठलेल्या माणसाला पुन्हा पंगतीत बसवण्याची ती वाट आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही पुढारी मंडळी चहा प्यायली आणि केवढं ग्रामण्य उसळलं! रानडे आणि टिळक दोघांनीही शेवटी प्रायश्चित्ताची वाट धरून तो विषय मिटवला. गंमत अशी, की चहाला गेलेल्यांची नावं चव्हाट्यावर आणण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशांचा, म्हणजे ज्यांनी सात वर्षांपूर्वी स्वतःच्या बायकोला समुद्रापार डॉक्टर व्हायला पाठवलं त्यांचाच. आनंदीबाई निघण्याआधी, १८८३ साली, बंगालातल्या श्रीरामपूर कॉलेजात भर सभेत सांगून गेल्या होत्या की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडं फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी साडी नेसण्याची तऱ्हा बदलली. ताटात मात्र मांस येऊ दिलं नाही. काय बदलायचं नि काय नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं आणि उघड ठरवलं होतं.

वडिलांना सूपाची गोष्ट सांगा. ते दोन दिवस गप्प बसतील. पुढच्या वेळी मात्र त्यांची नजर तुमच्या गळ्यावर नसेल, तोंडावर असेल. आणि एक व्यवहाराचं : तिथं नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्यावर विसंबू नका. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं. ‘व्हेगन’ लिहिलेलं घेतलंत तर हाडांच्या पाण्याचा प्रश्नच येत नाही.

शंका : एकादशी परभणीच्या पंचांगाची धरावी की तिथली? कॅलेंडरवर कधीकधी एक दिवसाचा फरक दिसतो. (एक विद्यार्थिनी, गंगाखेड)

समाधान : जनाबाईच्या गावची लेक, म्हणून सविस्तर सांगतो. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी बदलते, सूर्योदय मात्र जागोजागी वेगळा. व्रताचा दिवस ठरतो तो सूर्योदयाच्या तिथीवर. हिवाळ्यात जर्मनीत सकाळी आठच्या सुमारास उजाडतं, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेबारा. इथं सूर्योदयाला दशमी असेल आणि दहा वाजता एकादशी लागली, तर आपली एकादशी उद्या, तुमची आजच. जिथं पाय, तिथला सूर्योदय. घरच्यांसोबत त्यांच्याच दिवशी उपवास करायची ओढ असेल तर तसं करा, त्यात दोष नाही. फक्त एकदा ठरवलं की सत्रभर तेच. या महिन्यात मैत्रिणीचा वाढदिवस आहे म्हणून परभणीची, पुढच्या महिन्यात सहल आहे म्हणून जर्मनीची, असं चालणार नाही. संकष्टीच्या चंद्राचंही तसंच. थंडीत तो तिथं लवकर उगवतो, उन्हाळ्यात मध्यरात्रीच्या आसपास, आणि ढगांमुळं बहुतेक वेळा दिसतच नाही. वेळ बघा नि सोडा.

शंका : मी परभणी शहरातला. रमजान परीक्षेच्या आसपास येतोय. मुसाफिराला रोजा पुढं ढकलण्याची सवलत आहे. सहा महिने परदेशात म्हणजे मी मुसाफिरच ना?

समाधान : यात मी अधिकारी नाही, म्हणून परिचयातल्या एका मौलवीसाहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, पोराला सवलत शोधता येते, म्हणजे अभ्यास चांगला चाललाय! हनफी मतानं एका जागी पंधरा दिवस किंवा जास्त राहण्याचा इरादा असला की माणूस तिथला रहिवासी झाला. खोली भाड्यानं घेऊन सहा महिने राहणारा मुसाफिर नव्हे. विमानाच्या प्रवासाच्या दिवशी सवलत आहे, तो रोजा पुढं भरून काढायचा. आजारपण आलं तर गोष्ट निराळी. फेब्रुवारी-मार्चात तिथला दिवस उन्हाळ्यासारखा सोळा तासांचा नसतो, हेही लक्षात घ्या. प्रयोगशाळेची पाळी दुपारऐवजी सकाळी मिळेल का, हे प्राध्यापकांना सरळ विचारा. आपली मुलं विचारायला लाजतात आणि मग अन्याय झाला म्हणतात.

शंका : गावाकडच्याच मित्रानं माझी असाइनमेंट ‘बघायला’ मागितली. दिली. त्यानं जशीच्या तशी भरली. आता दोघांनाही नोटीस आली. मी तर चोरी केली नाही, उलट मदत केली. मला शिक्षा का?

समाधान : परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या पुरवणारा आपल्याकडं दिलदार ठरतो. बारावीच्या हंगामात हे सारं आपण उघड्या डोळ्यांनी बघितलंय. तिथला नियम देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एका मापानं मोजतो, आणि मला तो नियम पटतो. तुम्ही मदत केली नाही. त्याला नाही म्हणण्याचा वाईटपणा टाळलात, एवढंच. चौकशीत घडलं तसं सांगा, ‘लॅपटॉप उघडा राहिला होता’ वगैरे रचू नका. मित्राशी बोलणं तोडू नका, पण पुढच्या वेळी शेजारी बसवून शिकवा. त्याला वेळ जास्त लागतो, पण त्याबद्दल नोटीस येत नाही.

शंका : वडिलांनी कर्ज काढून माझ्या व्हिसासाठीच्या ब्लॉक खात्यात पैसे भरले. दरमहा ९९२ युरो मिळतात. मी एकवेळच जेवून त्यातले शे-दोनशे मागं टाकतो, परत आल्यावर हप्त्याला होतील म्हणून. आई विचारते, जेवलास का? मी हो म्हणतो. हे खोटं चांगल्यासाठीच आहे ना? (मानवत तालुका)

समाधान : काटकसर चांगली, उपास वाईट. विद्यार्थ्याला तिथं महिनाभर जगायला कमीत कमी इतकं लागतं, असा हिशेब करूनच जर्मन सरकारनं ९९२ हा आकडा काढला आहे, वर्षाचे ११,९०४. तो आकडा चैनीचा नाही. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस कायद्यानं काम करता येतं. पोटाऐवजी तिकडून वाचवा. तांदूळ, डाळ, बटाटे, अंडी खात असाल तर अंडी. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच आणून ठेवा. मग आईला ‘जेवलो’ म्हणा. बापानं कर्ज तुमच्या शिक्षणासाठी काढलंय, तुम्ही वाळून परत यावं म्हणून काढलेलं नाही.

शेवटचं पत्र पालम तालुक्यातलं आहे.

शंका : माझा मुलगा बावीस वर्षांचा. एका सत्रासाठी जर्मनीत आहे. गेल्या महिन्यात माझी आई वारली. त्याला लहानाचा मोठा तिनंच केला. फेब्रुवारीत त्याची परीक्षा, म्हणून घरात ठरलं की सांगायचं नाही. गंगाखेडला अस्थी सोडल्या, तेरावा झाला. पुतण्यांनी मोबाइलवर श्रद्धांजलीचं स्टेटस ठेवलं, ते त्याचा नंबर वगळून. तो रोज म्हणतो, आज्जीला फोन द्या. आम्ही म्हणतो, आज्जी झोपलीय, आज्जी देवळात गेलीय. मार्चमध्ये आला की सांगू. याचं पाप लागतं का? आणि त्यानं सुतक कसं धरावं?

समाधान : सुतकाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. दहा दिवस उलटून गेल्यावर, पण तीन महिन्यांच्या आत बातमी कळली, तर कळल्यापासून तीन रात्री. घराण्याची रीत वेगळी असेल तर ती पाळा. तिथं त्यानं अंघोळ करावी, दिवा लावावा, तीन दिवस गोडधोड नि पार्टी टाळावी. वर्गाला आणि ग्रंथालयाला जायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू लिहिला, त्यात परगावच्या मरणाचं हे सारं आहे. काशीयात्रेला गेलेल्याला घरचं मरण महिना-दोन महिन्यांनी कळायचं, म्हणून ही सोय. शास्त्रानं गृहीत धरलं होतं की बातमी निघालीय आणि वाटेत आहे. तुमची बातमी निघालेलीच नाही. ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अडवून ठेवलीय.

पाप म्हणणार नाही, कारण हेतू मायेचा आहे. पण हा त्या लेकरावर अन्याय आहे. मार्चमध्ये ओसरीवर रिकामी खाट बघेल तेव्हा तो आधी रडेल आणि मग मोजेल : अमक्या दिवशी आज्जी झोपली होती, तमक्या दिवशी देवळात गेली होती. हसत हसत बोललेला एकेक कॉल त्याला आठवेल. त्यानंतर तुम्ही कधीही ‘घरी सगळं ठीक’ म्हणालात तरी त्याला खरं वाटणार नाही. उद्या तुम्हाला साधा ताप आला आणि तसं सांगितलंत, तर तो रात्रभर जागेल.

परीक्षेचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या. बावीस वर्षांचा माणूस विमानानं एकटा गेला, खोली शोधली, बँकेत खातं उघडलं. आज्जी गेल्याचं दुःखही तो सोसेल. आधी त्याच्या खोलीजवळच्या एखाद्या मित्राला कळवा, म्हणजे त्या क्षणी पोरगं एकटं नसेल. मग तुम्ही स्वतः बोला, त्याच्या आईवर ढकलू नका. ‘तब्येत जरा बरी नव्हती’ असं दुरून येऊ नका, पहिल्या वाक्यात सांगा. मग कशी गेली, शेवटी पाणी कुणी पाजलं, त्याचं नाव घेतलं होतं का, हे सगळं सांगा. ते ऐकायचा त्याला हक्क आहे. गोदावरीच्या घाटावरचे फोटो असतील तर पाठवा. आणि आम्ही लपवलं, चुकलो, हे मुलासमोर म्हणायला लाजू नका. पुतण्यांना सांगा, स्टेटस पुन्हा ठेवा, या वेळी त्याला वगळू नका.

हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नका, म्हणून उत्तर टपालानंही पाठवलं आहे. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. जेवणं उरकून रात्री साडेनऊला फोन लावलात, तर तिथं संध्याकाळचे पाच वाजलेले असतील.