घराला कठडा



आगमनकाळ सुरू झाला की उपासनेतील वाचने आपल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात : जागे राहा. हे शब्द कानी पडले की आपले मन लगेच शेवटच्या न्यायाकडे आणि प्रभूच्या पुनरागमनाकडे वळते. ते योग्यच आहे. पण या वर्षी आपण जरा खाली, स्वतःच्या पायांकडे पाहू या. जागे राहणे म्हणजे डोळे मिटून आकाशाची वाट पाहणे नव्हे. समोरची पायरी ओली आहे का, हे पाहणे हाही जागेपणाच आहे.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सगळीकडून लाखो भाविक डोंगरावर आले होते. वाट अरुंद आणि चढाची, दोन्ही बाजूंना दुकाने. फोडलेल्या नारळांचे पाणी पायऱ्यांवर सांडून त्या निसरड्या झालेल्या, आणि बहुतेकांचे पाय अनवाणी. काही जण घसरले, त्यांच्यावर मागचे पडले, आणि त्यांच्याही मागच्यांना पुढे काय झाले हे कळायला मार्गच नव्हता. नंतर संतापलेल्या लोकांनी दुकाने पेटवली, गॅसच्या सिलिंडरांचे स्फोट झाले. सुमारे तीनशे माणसे त्या दिवशी गेली. त्यात बायका आणि लेकरे फार होती. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला, पुढच्या यात्रांना निर्बंध आले, बंदोबस्त वाढला. परंतु ज्या घरांत त्या रात्री ताटे वाढून ठेवली होती, तिथली माणसे काही परत आली नाहीत.

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. अशा वेळी काही जण हळूच म्हणतात, ‘देवाचा कोप झाला असेल’, ‘त्यांच्या श्रद्धेतच खोट असेल’. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी असे वाक्य कधीही येता कामा नये. मांढरदेवच्या बरोबर ३० दिवस आधी, २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी, नाताळसाठी वेलंकनीला गेलेले आपलेच यात्रेकरू त्सुनामीच्या लाटेने समुद्रात ओढून नेले. त्यांच्या श्रद्धेत कोणती खोट होती? तसेच १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्साला जमलेले असताना लिस्बन शहरात भूकंप झाला आणि चर्चची छपरे त्यांच्यावर कोसळली.

प्रभू येशूलाही हा प्रश्न विचारला गेला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो येतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. यरुशलेममधील इतर सगळ्यांपेक्षा तेच अठरा जास्त अपराधी होते काय? प्रभूचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट त्याने कायमची बंद केली. पण त्याच श्वासात जे जिवंत आहेत त्यांना तो म्हणाला की तुम्ही बदलला नाहीत तर तुमचाही नाश होईल. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ रडणे असा नाही. मन बदलणे, विचाराची रीत बदलणे असा आहे. म्हणजे अपघातानंतर मेलेल्यांकडे बोट दाखवू नका, आपली रीत बदला.

माणसाला मात्र उलटेच सोपे वाटते. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या मैदानात लिव्हरपूलचे फुटबॉलप्रेमी गर्दीत चिरडले गेले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. पहिल्या दिवसापासून दोष कोणाला दिला गेला? त्या प्रेक्षकांनाच : दारू प्यायले होते, धसमुसळे होते. त्यांच्या आईबापांना २७ वर्षे झगडावे लागले. २०१६ साली ज्युरीने निर्वाळा दिला की प्रेक्षकांची काहीही चूक नव्हती, व्यवस्थेची होती. सत्तावीस वर्षे, केवळ आपल्या मुलाचे नाव स्वच्छ व्हावे म्हणून!

लिस्बनकडे परत येऊ. त्या भूकंपाने युरोपातील विचारवंत हादरले. व्हॉल्टेअरने परमेश्वराच्या चांगुलपणावरच प्रश्न उभा केला. रूसो काही आपल्या चर्चचा फार लाडका नव्हे, पण त्याने १७५६ साली व्हॉल्टेअरला पत्र लिहून एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे एकाच जागी निसर्गाने बांधली नव्हती, ती माणसांनी बांधली, असे त्याचे म्हणणे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद थोडा कोरडा वाटायचा. मांढरदेवच्या पायऱ्यांचा विचार केला की तो कोरडा राहत नाही. लाट समुद्रातून येते, ती आपल्या हाती नाही. ओली पायरी, अरुंद वाट आणि बंद दरवाजा आपल्या हाती आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी चक्क बांधकामाचा नियम आहे. अनुवादाचा बाविसावा अध्याय, आठवे वचन उघडून पाहा. नवे घर बांधाल तेव्हा धाब्याला कठडा करा, नाहीतर कोणी तिथून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतून आलेल्या आपल्या कुटुंबांना हे लगेच समजेल. माळवदावर वाळवण घालायचे, उन्हाळ्यात तिथेच अंथरूण टाकायचे, पोरे तिथेच खेळायची. कठडा नसेल तर काय होते ते त्यांना सांगायला नको. लक्षात घ्या, पडणाऱ्याने नीट पाहून चालावे असे नियमशास्त्र येथे म्हणत नाही. ज्याचे घर, त्याने कठडा बांधावा असे म्हणते. मिस्साच्या आरंभी आपण जे केले त्याचीच नव्हे, तर जे करायचे राहून गेले त्याचीही कबुली देतो. न बांधलेला कठडा हे त्या दुसऱ्या प्रकारातले पाप आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे जे भाग सांगितले, त्यांत दूरदृष्टी, भोवतालचे भान आणि सावधगिरी हे तीन आहेत. निष्काळजीपणाला त्यांनी विवेकाविरुद्धचे पाप म्हटले. आपण मात्र त्याला ‘नशीब’ म्हणून मोकळे होतो.

‘देव आहे की सांभाळायला!’ हेही आपण सहज म्हणतो. हा युक्तिवाद शुभवर्तमानात कोणी वापरला ते आठवा. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभूला सांगितले की उडी मार, देवदूत तुला झेलतील. त्यासाठी त्याने स्तोत्रसंहितेतले वचनही दिले. प्रभूने उडी मारली नाही.

उलट प्रभू गर्दी कशी हाताळत असे ते पाहण्यासारखे आहे, आणि आमच्या मते त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात लोकांची रेटारेटी वाढली तेव्हा चेंगरले जाऊ नये म्हणून त्याने शिष्यांना एक होडी तयार ठेवायला सांगितली. म्हणजे बाहेर पडायची वाट आधीच ठरवलेली होती. पुढे सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकरी देण्यापूर्वी त्याने सर्वांना गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासच्या पंगतींनी बसवले. उपाशी माणसांच्या एवढ्या जमावात उभ्याने वाटप सुरू केले असते तर काय झाले असते? चमत्कार नंतर झाला, आधी पंगती बसल्या. होडीचा विषय निघालाच आहे, तर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली बोट उलटली, हे सांगलीकर विसरलेले नाहीत. वाचवायला आलेली नावही पंगत न धरता भरली तर बुडते.

हे सगळे आत्ताच लिहिण्याला एक कारण आहे. आपल्या तरुण मंडळींना फुटबॉलचे वेड आहे. हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाण्याचे बेत ठरतात, कोणी पाटाकडीलच्या बाजूने, कोणी दिलबहारच्या, कोणी खंडोबाच्या. आम्हांला त्याचा आनंदच आहे. मोबाईलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा मित्रांबरोबर मैदानावर ओरडणे केव्हाही बरे. म्हणूनच त्यांच्यासाठी मॉस्कोची हकिगत सांगतो.

२० ऑक्टोबर १९८२. स्पार्टाक मॉस्को विरुद्ध हॉलंडचा हार्लेम संघ. थंडी शून्याखाली, बर्फ पडलेला. स्टेडियम अवाढव्य पण प्रेक्षक थोडे, म्हणून गॅलऱ्यांचा काही भागच उघडला होता. पायऱ्यांवरचा बर्फ नीट काढलेला नव्हता. सामना संपत आल्यावर लोक एकाच जिन्याकडे निघाले, गोठलेल्या पायरीवर कोणीतरी पडले, आणि मागचा लोंढा थांबला नाही. शेवटच्या क्षणी स्पार्टाकच्या श्वेत्सोवने दुसरा गोल केला. अधिकृत आकड्याप्रमाणे ६६ जण मेले, त्यांत निम्म्याहून अधिक किशोरवयीन. त्या सरकारने सत्य जवळजवळ सात वर्षे दाबून ठेवले. तो गोल आपल्याकडून झाला नसता तर बरे झाले असते, असे श्वेत्सोव पुढे म्हणाला. आपल्याकडेही १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ फुटबॉलप्रेमी गेले. आणि ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले, तेही विजयाचा आनंद साजरा करताना.

साताऱ्यात बर्फ कुठला, असे कोणी म्हणेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, तेवढेच आपल्याला ठाऊक. पण नारळाचे पाणी बर्फाचेच काम करते, हे आपण पाहिले. आणि परतीच्या वाटेवरचा आपला बर्फ म्हणजे धुके आणि ऊस. डिसेंबर-जानेवारीत गळीत हंगाम भरात असतो. कृष्णा-वारणेच्या काठाला रात्री धुके उतरते, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, कितीकांना मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मोळ्या सांडलेल्या, शेतातला चिखल डांबरावर आलेला. त्यात एका मोटरसायकलवर तिघे, गळ्यात मफलर आणि डोक्यावर हेल्मेट नाही! मुलांनो, सामना हरला तरी चालेल, पण एसटीने या. टेम्पोच्या हौद्यात उभे राहून झेंडे नाचवत येऊ नका. अंधार पडला आणि धुके दाट असले तर तिथेच कोणाकडे तरी मुक्काम करा आणि घरी फोन करा. आईला रात्री अकराला ‘उद्या येतो’ ऐकून राग येईल. येऊ दे.

गर्दीविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी. चेंगराचेंगरीत माणसे बहुधा तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. म्हणून आजूबाजूच्यांचे खांदे दोन्हीकडून लागू लागले, की ‘बघू पुढे काय होते ते’ असे न म्हणता तेव्हाच बाजूला निघावे. अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर धरा, रेट्याच्या उलट जाऊ नका, लाट ओसरली की तिरके सरकत कडेला या. चप्पल निघाली तर निघू दे, वाकू नका. आणि मागे असाल तर ढकलू नका. मागच्याला आपला धक्का छोटा वाटतो. असे शंभर छोटे धक्के पुढच्याच्या बरगड्यांवर जाऊन पोहोचतात. शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेत पाठमोरा शेजारीही येतो.

तरुणांना सांगून आपण मोठे मोकळे होणार नाही. आपल्या चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला वर्षभर न दिसणारे सगळे येतात, शेजारचे हिंदू-मुस्लिम बांधव गव्हाण पाहायला येतात, आणि ते सर्वांनी यावे अशीच आपली इच्छा आहे. पण बाजूच्या दरवाजापुढे मोटरसायकली लागतात आणि सगळा लोंढा मुख्य दाराच्या पायऱ्यांवरून उतरतो. त्या पायऱ्यांवर दव असते, मेणबत्त्यांचे मेण सांडलेले असते, आजींच्या हातात नातू असतो. म्हणून धर्मग्राम समितीशी बोलून या वर्षी असे ठरवले आहे : दोन्ही बाजूंचे दरवाजे मिस्सा संपेपर्यंत उघडे आणि मोकळे राहतील. त्यांच्यापुढे लावलेले वाहन, मग ते कोणाचेही असो, हलवले जाईल. गव्हाणीचे दर्शन एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असे राहील. पायऱ्यांवर गोणपाट टाकले जाईल आणि दिवा लावला जाईल. वृद्ध आणि लहान मुले असलेली कुटुंबे आधी बाहेर पडतील, बाकीचे तोवर जागेवर बसून नाताळची गाणी गातील. यासाठी बारा स्वयंसेवक हवे आहेत. फुटबॉलच्या मंडळींनी आपली नावे पुढच्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आणून द्यावीत. पायऱ्यांना एका बाजूने लोखंडी कठडा बसवायचा आहे, त्याच्या वर्गणीची पेटी दाराशी ठेवली आहे.