काळ्या गाभ्याचं मोल

इराणच्या सम्राटाला इथिओपियाकडून एक वर्षाआड नजराणा जात असे. इ.स.पूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानं त्याची यादी देऊन ठेवली आहे: थोडं कच्चं सोनं, आबनुसाचे 200 ओंडके, 20 मोठे हस्तिदंत आणि पाच मुलगे. लाकूड, सुळे आणि लेकरं एकाच यादीत.

ती वाचताना तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. मौल्यवानपणा वस्तूच्या अंगी असतो, की घेणाऱ्याच्या नजरेत?

आबनूस पहिल्या उत्तराच्या बाजूनं भक्कम साक्ष देतो. त्याचा गाभा पाण्यात बुडण्याइतका जड, पॉलिश केला की दगडासारखा तुळतुळीत. व्हायोलिनवर बोटं फिरतात ती पट्टी याच लाकडाची. पियानोच्या काळ्या पट्ट्याही पूर्वी याच्याच असत आणि पांढऱ्यांवर हस्तिदंत चढवलेला असे. पण साक्ष तपासू लागलं की ती डळमळते. प्राचीन इजिप्तमधला ‘आबनूस’ बहुतांशी आपल्या शिसवाच्या कुळातल्या एका आफ्रिकी झाडाचा होता. म्हणजे तिथल्या राजाला झाडाच्या जातीशी देणंघेणं नव्हतं. त्याला काळेपणा हवा होता.

या हव्यासाची परिसीमा कॅमेरूनच्या जंगलात दिसली. झाड उभं असताना त्याचा गाभा पूर्ण काळा आहे की पट्टेरी, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी ते पाडावंच लागतं. टेलर गिटार्स या अमेरिकी कंपनीनं 2011 मध्ये तिथली लाकूड गिरणी भागीदारीत विकत घेतली, तेव्हा सहसंस्थापक बॉब टेलर यांना समजलं की एक निखळ काळं खोड मिळेपर्यंत नऊ झाडं तोडून जंगलातच सोडली जातात. लाकूड तेच, टणकपणाही तोच. दोष एवढाच, की गाभ्यात तपकिरी रेषा होत्या. टेलर यांनी पट्टेरी लाकूडही गिटारला वापरायचं ठरवलं.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन म्हणतो, कोणत्याही वस्तूला इतरांवाचून टिकणारा स्वतःचा स्वभाव नसतो; जे आहे ते इतरांच्या आधारानं आहे. यावर व्यवहारी माणूस विचारील, लाकडाचा जडपणा तर तराजूत मोजता येतो, मग तो तरी स्वभाव नव्हे का? या शंकेचं एक उत्तर 2025 मध्ये कॅमेरूनच्याच जंगलातून आलं. आफ्रिकेतले जंगली हत्ती आबनुसाची फळं खातात. बी लिदीतून दूरवर पडतं आणि त्या लिदीमुळेच उंदीर-घुशींपासून वाचतं. शिकारीमुळे हत्ती संपलेल्या भागात आबनुसाची लहान रोपं सुमारे 68 टक्के कमी आढळली. तराजूत मोजला जाणारा तो जडपणासुद्धा कुठल्याशा हत्तीच्या पोटातून आलेला असतो.

हेरोडोटसच्या यादीत आणि पियानोच्या पट्ट्यांवर सुळा नि आबनूस शेजारी होते, ते माणसाच्या हौसेपोटी. जंगलातलं त्यांचं नातं त्याहून फार जुनं. सुळ्यासाठी हत्ती मारणारा माणूस नकळत आबनुसाचंही बी तोडत होता.

आबनुसाच्या कुळातलं एक झाड विदर्भात सर्वांच्या ओळखीचं आहे: टेंभुर्णी, म्हणजेच तेंदू. तिचा गाभाही काळा होतो, पण तिची किंमत ठरते बिडीच्या पानावरून. उन्हाळ्यात पानं खुडली जातात, गडचिरोलीत अनेक ग्रामसभा त्यांचा लिलाव करतात आणि झाड जागेवर राहतं. इथे गाभ्याचा रंग कुणी विचारत नाही. झाडाचं कूळ एकच. नातं बदललं आणि मोलही बदललं.

कॅमेरूनमध्ये आता गावकऱ्यांच्या मदतीनं आबनुसाची रोपं लावली जात आहेत. ती तोडणीला यायला कित्येक दशकं लागतील, म्हणून सोबत फळझाडंही दिली जातात. लावणाऱ्याच्या हयातीत उत्पन्न मिळेल ते फळझाडांचंच. गिटारच्या किमतीत लाकूडतोड्याची मजुरी, जहाजाचं भाडं, दुकानदाराचा नफा असं सगळं धरलेलं असतं. बी पेरणाऱ्या हत्तीच्या नावाचा रकाना त्या हिशेबात कुणी आणि कसा घालायचा, हे ठरायचं आहे.