पट्टीची आतली बाजू



नेहरू शर्टाचा पुढचा भाग टेबलावर अखंड पसरलेला असतो. शिंपी त्यावर मधोमध खडूने रेघ ओढतो आणि चांगल्या कापडाला कात्रीने चीर देतो. बाजूची शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालता येते. ही चीर चुकली तर ती पुन्हा सांधता येत नाही. तिच्या एका कडेला काजपट्टी आणि दुसऱ्या कडेला बटणपट्टी लागते. दोन बोटे रुंदीच्या या पट्ट्यांत एक जुना प्रश्न दडलेला आहे : जे काम कोणी उलटून पाहणार नाही, ते नीट का करावे?

पट्टी नीट बसते ती आतल्या कामामुळे. पट्टीचे कापड आणि तिच्यात घालायचे बक्रम आधी भिजवून वाळवावे लागते. नाहीतर पहिल्याच धुण्यात एक आटते, दुसरे आटत नाही आणि पट्टीला फुगे येतात. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यावर सरळ कापावी लागते. तिरकी कापली तर ती ताणली जाते आणि लाटा पडतात. सगळ्यांत नाजूक जागा चिरेच्या तळाशी असते. तिथे शेवटचा अर्धा इंच राखून कात्री दोन्ही कोपऱ्यांकडे तिरकी न्यायची आणि टाक्याच्या एक-दोन धागे अलीकडे थांबायचे. फार अलीकडे थांबलो तर चुणी पडते, पुढे गेलो तर भोक पडते. मग ती त्रिकोणी जीभ आत वळवून पट्ट्यांच्या टोकांना शिवायची आणि वरून चौकोनी टीप मारायची.

इस्त्री फिरली की हे सारे झाकले जाते. दुकानात टांगलेल्या दोन शर्टांत चांगले काम कोणते, उरकलेले कोणते, हे कळत नाही. ते कळते काही महिन्यांनी. शर्ट रोज डोक्यातून ओढून घालताना सारा ताण त्या तळाच्या जागेवर येतो, आणि कच्चा टाका तिथेच उसवतो.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक जेवढे बघते तेवढ्याचेच पैसे देते, मग आतल्या बाजूवर वेळ का घालवावा? हे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा व्यवसाय आहे. अशा कामात मजुरी बहुधा नगावर मिळते. नगावर शिवणाऱ्या बाईला प्रत्येक पट्टीवर पाच मिनिटे जास्त घालवणे म्हणजे संध्याकाळच्या भाजीचे पैसे कमी होणे. तिला प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे आहे. पण त्या पाच मिनिटांचे मोल कोणी द्यायचे?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर हे कापडासाठी फार जुने नाव. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर या नावाने त्याचा उल्लेख आहे. तिथले कापड भडोच बंदराकडे जाई, असे त्यात म्हटले आहे. याच तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जमलेल्या संतांपैकी कोणते मडके पक्के, हे पाहण्यासाठी त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत राहिले, नामदेव रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. नामदेव शिंप्याच्या घरातले होते. वरून छान दिसणारे आतून कच्चे असू शकते, हे शिंप्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांना त्या वेळी राग आला खरा, पण पुढे ते विसोबा खेचरांना शरण गेले. आतली बाजू पारखली जाणे कोणालाच आवडत नाही; तरी पक्के होण्याची वाट तिथूनच सुरू होते.

मडके वाजवून पारखता येते. कापड मात्र अंगावर वापरूनच पारखले जाते. म्हणून आतली शिवण ही शिंप्याची हौस नव्हे. जो माणूस तो शर्ट घालून शेतात, बाजारात, लग्नाला जाणार आहे, त्याला दिलेला तो न बोललेला शब्द आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो गावची टबीथा वारली तेव्हा तिथल्या विधवांनी तिने शिवलेले कपडे रडत रडत संत पेत्राला दाखवले. तिच्या चांगुलपणाची साक्ष त्या कपड्यांनीच दिली.

पण हा शब्द एकट्या शिंप्याने पाळायचा नसतो. शिलाईत वीस रुपये कमी करा, असा हट्ट आपण धरतो. ते वीस रुपये कुठून तरी निघतातच. वरची टीप दिसते, म्हणून तिथून ते निघत नाहीत. ते निघतात आतल्या बाजूतून. मग शर्ट उसवला की आपण शिंप्याला बोल लावतो. लबाडी झालीच असेल, तर तिच्यात आपलाही वाटा आहे.

येत्या सणाला कपडे शिवून आणाल तेव्हा ते उलटे करून पाहा. चूक काढण्यासाठी नव्हे, तर कोणाच्या हातांनी तिथे किती वेळ दिला आहे हे कळावे म्हणून. पट्टीचा तळ नीट बांधलेला दिसला तर शिंप्याला तसे सांगा, आणि शिलाई न घासता द्या. आणि आपापल्या कामाकडेही एकदा असेच उलटे करून पाहू या.